शुभेच्छांची मुदत

दिवाळी नक्की संपते केव्हा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरी निराळे मिळेल. मुलांच्या मते ती शाळा उघडते त्या दिवशी संपते. गृहिणीच्या मते डब्याच्या तळाशी चिवड्यातल्या नुसत्या मिरच्या उरतात तेव्हा. पंचांग म्हणते, भाऊबीज झाली की दिवाळी झाली. मग भाऊबीजेनंतर आठ दिवसांनी रस्त्यात भेटलेल्या गृहस्थांना "दिवाळीच्या शुभेच्छा!" म्हणावे की न म्हणावे? म्हटले तर ते मनात म्हणणार, 'यांना आता जाग आली!' न म्हटले तर म्हणणार, 'सणासुदीलासुद्धा या माणसाच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही.'

या बाबतीत संक्रांतीची व्यवस्था फार चोख आहे. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत द्यावा, हे लहान पोरालाही ठाऊक असते. संक्रांत सूर्याच्या हिशेबाने येते आणि रथसप्तमी तिथीच्या, त्यामुळे ही मुदत दरवर्षी कमीजास्त होते. २०२५ साली मधे २१ दिवस मिळाले, २०२६ साली अवघे ११. पण मुदत असते हे महत्त्वाचे. एका दिवसात माणूस किती घरी जाणार? कोणी परगावी असतो, कोणी अंथरुणावर, कोणाशी गेल्या श्रावणापासून अबोला असतो आणि तो सोडायला मनाची तयारी व्हावी लागते. अशा सगळ्यांना उशिरा का होईना गाठता यावे, म्हणून ही सवड. रथसप्तमी झाली की मात्र डबा बंद. मग गोड बोलण्यासाठी तिळगुळाचे निमित्त उरत नाही, ते आपले आपणच बोलावे लागते.

दिवाळीलाही अशी सवड आहे, फक्त ती कोणी बोलून दाखवत नाही. भाऊबीज झाली तरी आकाशकंदील लगेच कोणी उतरवत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागतात आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या दीपमाळा पुन्हा उजळतात. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला, म्हणजे हाती तेरा दिवस होते. मुंबईत ज्यांचा शेजार गुजराती आहे त्यांना लाभपंचमी माहीत असते. पाडव्याचे "साल मुबारक" त्या दिवशी पेढी उघडेपर्यंत ताजे असते. तेव्हा पहिलीच भेट असेल तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत खुशाल शुभेच्छा द्याव्यात. मात्र पहिल्याच भेटीत, आणि एकदाच. सकाळी जिन्यात, दुपारी कचेरीत आणि संध्याकाळी भाजीबाजारात त्याच माणसाला त्याच शुभेच्छा देणाऱ्याचे लक्ष आपल्याकडे नसून आपल्या तोंडच्या वाक्याकडे आहे, हे समोरच्याला कळल्यावाचून राहत नाही.

आणि त्यानंतर? त्यानंतर वाक्य बदलावे. शुभेच्छा ही अखेर इच्छा आहे, आणि इच्छा पुढे व्हायच्या गोष्टीची असते. होऊन गेलेल्या दिवाळीबद्दल इच्छा कसली करणार? तिथे "दिवाळी कशी झाली?" हा प्रश्नच शोभतो. एवढेच की, प्रश्न विचारला म्हणजे उत्तर ऐकायला थांबावे लागते. पुष्कळांना शुभेच्छा सोयीच्या वाटतात त्या यामुळेच.

आमच्या भाषेत यासाठी एक भारदस्त शब्द आहे: अभीष्टचिंतन. भेटकार्डांवर तो बहुधा ऱ्हस्व 'भि' काढून छापलेला असतो. तो 'अभि' आणि 'इष्ट' मिळून झाला आहे, म्हणून 'भी' दीर्घ. पण ऱ्हस्वदीर्घाचा वाद सोडला तरी त्यातले 'चिंतन' सोडता येत नाही. समोरच्या माणसाला काय इष्ट आहे याचा क्षणभर विचार, असा त्याचा सरळ अर्थ. तारखात्याने पूर्वी ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिले होते. क्रमांक लिहून दिला की पलीकडे मजकूर पोचे. तीही आयतीच शुभेच्छा, पण दर तारेला पैसे पडत, त्यामुळे कोणाला पाठवायची याचा विचार माणूस तारघराच्या खिडकीशी तरी करी. २०१३ सालच्या जुलैत तारसेवा बंद झाली. आता मोबाईलवर एका बोटासरशी सगळ्या यादीला मजकूर जातो आणि तेवढाही विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

याचा परिणाम कुठे होतो, ते सांगतो. आमच्या परिचयातल्या एका बाईंचे यजमान भाद्रपदात गेले. त्यांचा मोबाईल बाईंनी बंद केला नव्हता. नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून त्यावर दिव्यांची चित्रे येऊ लागली: "आपणांस व आपल्या परिवारास ही दिवाळी सुखसमृद्धीची जावो." पाठवणारांत, दहाव्याला येऊन बाईंसमोर डोळे पुसून गेलेले तिघेजण होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मनात काहीच नव्हते, हीच अडचण.

ज्या घरात वर्षात कोणी गेले असेल, तिथे त्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ नातेवाईक आणि शेजारी नेऊन देतात. या चालीत केवढे शहाणपण आहे पहा! शब्द थांबवले, डबा थांबवला नाही. अशा घरी शुभेच्छा देऊ नयेत. जावे, डबा ठेवावा, घटकाभर बसावे, गेलेल्या माणसाची आठवण निघाली तर निघू द्यावी. जाणे जमत नसेल तर चार ओळींचे साधे पत्र टाकावे, आणि त्यात दिव्यांचे चित्र नसावे.

पण थांबण्याइतकेच पुन्हा सुरू करणेही कळायला हवे. वर्ष उलटते, वर्षश्राद्ध होते, तरी 'त्यांना कसे वाटेल' म्हणून लोक त्या घराला शुभेच्छा देतच नाहीत, आणि संकोचासंकोचात ते घर कायमचे यादीतून गळते. याच बाई मला म्हणाल्या, "पहिल्या वर्षी नको असताना ढीगभर आल्या. दुसऱ्या वर्षी नातवासाठी मी कंदील लावला, तर कोणी बोललेच नाही." वर्ष सरल्यावर त्या दारात कंदील दिसला, की आपण होऊन आत जावे आणि चांगले मोठ्याने म्हणावे, "दिवाळीच्या शुभेच्छा!" त्या घराला त्यांची गरज इतर कोणाहून अधिक असते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीला थोडे दिवस असतील. तेवढ्यात आपली यादी एकदा नावानिशी वाचून काढावी. प्रत्येक नावाशी क्षणभर थांबले तर कुठे शुभेच्छा पाठवायच्या, कुठे डबा न्यायचा आणि कोणाला गेल्या साली विसरलो, हे यादीच सांगेल.