पहिला पाऊस थेट कूपनलिकेत नको

जबलपूरच्या राइट टाउनसारख्या दाट वस्तीत मोसमी पावसाची पहिली सर येते, तेव्हा गच्चीवरून पन्हळीत उतरणारे पाणी केवळ आकाशातून आलेले नसते. उन्हाळाभर साचलेली धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, वाहनांची काजळी आणि भोवतालच्या गावांतील जळलेल्या शेतांची राख त्यात मिसळलेली असते. हे पाणी नळीने थेट कूपनलिकेत सोडणे म्हणजे जलपुनर्भरण, ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

पावसाच्या पाण्यात सेंद्रिय संयुगे असणे मुळात अस्वाभाविक नाही. बांबू, निलगिरी यांसारख्या वनस्पती आयसोप्रीन वायू सोडतात. हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन फॉर्मिक व ॲसिटिक आम्ले तयार होतात आणि थेंबांत विरघळतात. (पहिल्या पावसाचा सुगंध मात्र पावसाचा नव्हे. त्यातील जिओस्मिन हे मातीतील ॲक्टिनोमायसीट्स जिवाणूंचे देणे आहे.) तथापि हीच दोन आम्ले काडीकचऱ्याच्या धुरातूनही निघतात. त्यामुळे केवळ आम्ल सापडले म्हणून त्याचा उगम अरण्यात की शेतातील आगीत, हे ठरत नाही. त्यासाठी लेव्होग्लुकोसान पाहावे लागते, कारण ते सेल्युलोज जळताना तयार होते.

नर्मदेच्या खोऱ्यात गव्हाची कापणी कंबाइन हार्वेस्टरने होते आणि उरलेली धसकटे, तिकडच्या भाषेत ‘नरवाई’, एप्रिलमध्ये पेटवली जातात. उन्हाळी मुगासाठी रान लवकर मोकळे हवे असते. धुराचे सूक्ष्म कण हवेत साधारण आठवडाभरच टिकतात, म्हणून जूनच्या पावसाशी त्यांचा संबंध नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. हवेतून खाली बसलेली काजळी छतावर पावसाची वाट पाहत राहते, आणि तिला चिकटलेली बहुचक्रीय ॲरोमॅटिक संयुगे सहजासहजी विघटित होत नाहीत. पेरणीनंतरच्या तणनाशकांचेही तसेच: फवारणीचा काही अंश वाऱ्याने व बाष्पीभवनाने हवेत जातो आणि सरींबरोबर परततो.

नैसर्गिक ते निरुपद्रवी आणि मानवी ते घातक, ही विभागणी इथे फारशी कामाची नाही. पाणी जिवंत मातीतून गाळून जाते की नाही, हा खरा प्रश्न आहे. फॉर्मिक, ॲसिटिक आम्ले मातीतील सूक्ष्मजीव लवकर फस्त करतात. काजळी व तिला चिकटलेली संयुगे मातीचे वरचे थर बऱ्याच अंशी अडवून धरतात. कूपनलिकेत सोडलेले पाणी ही चाळणीच टाळते. दुसरीकडे, नरवाई जाळणारा शेतकरी आपल्या रानाच्या वरच्या थरातील तेच सूक्ष्मजीव होरपळून टाकतो. शहरातील गच्ची आणि गावातील आग यांचा हिशेब असा एकाच ठिकाणी येऊन मिळतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुनर्भरणाचा आराखडा देताना पहिल्या सरीचे पाणी वेगळे काढण्याची सोय सक्तीची मानावी. खर्च किरकोळ आहे. 100 चौरस मीटर गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर पाणी. पहिले 2 मिलिमीटर अडवायला 200 लिटरचे एक पिंप आणि वळणाची झडप पुरते. प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतर तीच झडप पुन्हा फिरवावी. पाणी तपासताना सामू व क्षारांबरोबर एकूण सेंद्रिय कार्बनही मोजावा. नरवाईसाठी सुपर सीडर किंवा रोटाव्हेटरचा पर्याय हंगामाआधीच, भाड्याच्या यंत्रांच्या यादीसह, गावात पोहोचवावा. धूर दिसू लागल्यावर दिलेला सल्ला कोणी ऐकत नाही. पिंपातले पाणी परसातील फुलझाडांच्या वाफ्यात ओतावे, भाजीच्या नव्हे.