चावी आपल्या हाती

सेलच्या घड्याळाचे भक्त मला मागासलेला म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, मान्य. पण सेल संपला की तोच स्फटिक निष्क्रिय खात्यासारखा पडून राहतो. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला नि भामरागडचा संपर्क तुटला. अशा वेळी शर्टाच्या गुंडीएवढा सेल काय पोहत येणार? मोबाइल बघा म्हणाल, तर वीज गेली की त्यालाही उपास!

शिवाय आम्ही पडलो बी.कॉम. सेल स्वस्त खरा. पण तो बसवायला आलापल्लीपर्यंत जायचं भाडं कुणाच्या खाती मांडायचं? चावीच्या घड्याळाला रोज सकाळी अंगठा नि तर्जनी पुरे. मिनिटभर मागेपुढे होईल. बँकेच्या जेवणाच्या सुटीत तेवढं खपून जातं.

एचएमटीनं १९६१ मध्ये बंगलोरला घड्याळं बनवायला घेतली. त्यांतल्या एकाचं नावच 'जनता'! २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. कंपनी गेली, पण जुनं 'जनता' साफ करून तेल दिलं की आजही टिकटिकतं. आता सांगा, मागासलेलं कोण?