वजन भरले, मग अंगात बळ का नाही?



टी.बी.चा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण होतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, दवाखान्याच्या काट्यावर वजनही आजारापूर्वीच्या जवळपास दिसते. घरचे म्हणतात, बरे झाले, सुटलो एकदाचे. आणि नेमकी त्याच सुमारास घरात कुरबुर सुरू होते. पाण्याची कळशी दुसऱ्या मजल्यावर नेताना सूनबाईला तीनदा टेकावे लागते. नाक्यावर बिगारीला गेलेला मुलगा दुपारीच घरी येऊन आडवा होतो. "अंग तर भरलंय, मग काम का होत नाही?" असे तोंडावर विचारले जाते. आळशी, कामचुकार हे शब्दही निघतात. ते निघण्यापूर्वी शरीरात काय घडलेले असते ते पाहू.

टी.बी.मध्ये भूक मरते आणि ताप अंग जाळत राहतो. अन्न कमी पडले की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते. मांड्या, दंड, खांदे उतरतात, श्वास ओढणारे स्नायूसुद्धा दुबळे होतात. औषध लागू पडले की भूक परत येते आणि वजन वाढू लागते. परंतु पहिल्या काही महिन्यांत परत येते ती बहुतांशी चरबी. स्नायू फार सावकाश येतात, आणि नुसते खाऊन येत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. काट्याला चरबी काय अन् स्नायू काय, दोन्ही सारखेच. त्यातच काहींच्या फुप्फुसावर जुन्या जखमेचे व्रण राहतात आणि जंतू मेल्यावरही धाप लागत राहते. हा आळस नव्हे.

आपल्या घरांतून दोन टोके दिसतात. मुलाला वर्षभर खाटेवरून उठू देत नाहीत आणि सुनेला पंधरा दिवसांत हंड्याला जुंपतात! दोन्हींनी नुकसानच होते. पडून राहिल्याने उरलेले स्नायूही जातात आणि एकदम ओझे टाकले तर माणूस पुन्हा अंथरूण धरतो.

पहिले दोन महिने औषधांचा मारा जास्त असतो. ताप उतरेपर्यंत विश्रांतीच घ्यावी, नंतर घरातल्या घरात फिरणे, अंगणात दोन फेऱ्या एवढे पुरे. या काळात सांधे दुखू लागले किंवा तळपायाला मुंग्या आल्या तर ते औषधामुळेही असू शकते. डॉक्टरांना सांगावे, गोळ्या मनाने बंद करू नयेत. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रोजच्या गोळ्या वजनावर ठरतात. नेहमीच्या टी.बी.त ३५ ते ४९ किलोला तीन आणि ५० ते ६४ किलोला चार गोळ्या असतात. तेव्हा वजन वाढले की आरोग्यसेविकेला आपणहून विचारावे.

ताप गेला, भूक लागली, की डॉक्टरांना विचारून बळ वाढवायला लागावे. त्यासाठी जिम नको. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर किंवा लोखंडी पेटीवर बसावे आणि हातांचा आधार न घेता उभे राहावे. पाच वेळा जमले तर पाच, थांबून पुन्हा पाच. मांड्यांना याहून चांगला व्यायाम नाही. भिंतीला तळवे टेकून अंग पुढे न्यावे, मागे ढकलावे, त्याने दंड-खांदे तयार होतात. एक दिवस हे करावे, एक दिवस सोडावे, कारण स्नायू त्या सुट्टीतच भरतो. चालणे मात्र रोज हवे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग आठवड्याला दोन-चार मिनिटे वाढवावीत. चालता चालता बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले तर वेग कमी करावा आणि ओठ शीळ घातल्यासारखे करून श्वास हळूहळू सोडावा.

कळशीचे गणित सोपे आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन्ही हातांत एकेक लिटरची बाटली घेऊन सुरुवात करावी, जमेल तसे दोन लिटर, मग अर्धी कळशी. भरलेली कळशी पुन्हा जिना चढायला दोन-तीन महिने लागले तर त्यात नवल नाही. तोवर ती घरातल्या पुरुषांनी उचलावी, त्यांचे हात झिजत नाहीत.

खाण्याबाबत झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला व २०२३ साली तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. टी.बी. रोग्यांना दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. ज्या घरांत इतरांनाही पुरेसा शिधा मिळाला, तिथे नव्या टी.बी.चे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले. म्हणजे रोग्याला अंडे आणि बाकीच्यांना पातळ कालवण, हे खरे नव्हे.

स्नायूंना प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम मिळतात. फुटाणे, डाळ, मटकी, आणि आपले सुकट-बोंबील तर प्रथिनांनी भरलेले. डब्यातल्या महागड्या पावडरीवाचून काही अडत नाही. वर्षावासात अष्टशील घेणाऱ्या भगिनींनी औषधे चालू असताना व वजन भरेपर्यंत दुपारनंतरचे जेवण सोडू नये. पंचशील आहेच. दारू तर या औषधांबरोबर यकृतावरच घाव घालते.

निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे पैसे रोग्याच्या खाण्याचे आहेत, भिशीचा हप्ता भरायचे नाहीत. बँक खाते जोडले नसेल तर सरकारी दवाखान्यात आजच विचारा.

रोजंदारीवाल्याला 'महिनाभर बसून राहा' म्हणणे सोपे, चूल कशी पेटेल? म्हणून मुकादमाशी बोलून हलके काम मागावे, ओझ्याऐवजी राखण, पाणी मारणे, अर्धा दिवस. सिमेंटची धूळ टाळता आली तर उत्तमच. विडी-तंबाखू सुटलीच पाहिजे.

खाऊन-पिऊनही वजन घटत असेल तर साखर तपासून घ्यावी, टी.बी. आणि मधुमेह पुष्कळदा जोडीने असतात. थुंकीत रक्त, पुन्हा संध्याकाळचा ताप, बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि सारे ठीक असले तरी कोर्स संपल्यावर ६, १२, १८ व २४ महिन्यांनी तपासणीला जायचे असते. त्या चार तारखा कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.