जोडलेल्या फोटोतली माणसं

माझी धाकटी बहीण हिंडलग्याला दिली आहे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की लगेच लागणारं हे गाव. त्यामुळे चोर्ला घाट चढून तिकडे जाणं आमच्या घरात नवीन नाही. मागे एका १ जूनला मात्र मुद्दाम गेलो होतो. १९८६ साली याच दिवशी कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला आणि नऊ जण गेले. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी त्यांना अभिवादन होतं. आपल्या गोव्यातही त्याच वर्षी भाषेवरून रान पेटलं होतं, त्यामुळे हा दिवस मला परका वाटत नाही.

गर्दी एका फोटोत मावेना. मग एका जागी उभं राहून डावीकडून उजवीकडे सात फोटो काढले. रात्री भाच्याने ते संगणकात घातले, एक बटण दाबलं आणि दोन मिनिटांत लांबलचक चित्र तयार! "बघा की वो मामा, कसं बसलंय एकदम!" तो म्हणाला. मीही खूश झालो. पण आयुष्य फायली तपासण्यात गेलेला माणूस मी. चष्मा लावून जवळून पाहिलं. भावोजी चित्रात दोनदा होते, एकदा डावीकडे आणि एकदा मध्यभागी. आणि हातात फुलं घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीचं अर्धं अंग नाहीसं झालं होतं.

भाचा म्हणाला, "तेवढं कोण बघतंय मामा?"

मंडळी, माझा सगळा मुद्दा या वाक्याभोवतीच आहे.

आधी हे का होतं ते पाहू. शेजारशेजारच्या दोन फोटोंत साधारण पाव ते तिसरा हिस्सा सारखा यावा लागतो. त्या सामाईक भागातल्या सारख्या खुणा शोधून संगणक फोटो वळवतो, ताणतो, एकमेकांवर बसवतो. या खुणांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये पॅनोरामा टूल्स तयार केली, त्यावर उभं राहिलेलं हुगिन हे सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं. सुरुवातीला या खुणा माणूस हाताने लावत असे. पुढे संगणक त्या स्वतःच शोधू लागला. सोय झाली खरी, पण संगणकाला हलणारं काय आणि अचल काय हे नीट कळत नाही. वाऱ्यावर फडकणारा झेंडा, कुणाचा सदरा, पुढे सरकणारा ढग, सगळ्यावर तो खूण ठोकतो. ढगांवरच्या खुणा काढून टाकायची वेगळी सोय हुगिनमध्ये ठेवावी लागली आहे, यावरूनच काय ते समजा!

दुसरी चूक माझी होती. अंगठा डोळ्यांसमोर धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवरून सरकतो ना? मी कॅमेरा हातात धरून कमरेत वळलो, त्यामुळे भिंगाची जागाच बदलत गेली. म्हणून जवळची माणसं आणि मागची घरं काही केल्या एकत्र जुळेनात. भिंग जागेवर ठेवून त्याच्याभोवती कॅमेरा फिरवायला हवा होता. त्यातच जूनचं आभाळ. मध्येच ढग आला, कॅमेऱ्याने आपणहून उजेड बदलला आणि अर्धी गर्दी उन्हात, अर्धी सावलीत!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा बसलो. संगणकाच्या खुणांची यादी उघडली. कुठली खूण किती पिक्सेलने चुकते ते तिथे लिहिलेलं असतं. माणसांवरच्या खुणा पुसल्या. विजेचा खांब, दुकानाची पाटी, भिंतीचा कोपरा यांवर हाताने नव्या लावल्या. म्हातारी ज्या फोटोत पूर्ण होती तिथे तिच्याभोवती मास्क आखून तिला राखून ठेवलं. भावोजींची एक प्रत कमी केली. सगळं मिळून तीन तास गेले. चित्र आदल्या रात्रीपेक्षा देखणं झालं असं नाही, पण आता ते खरं होतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सहलीचा फोटो असता तर मीही केला नसता. दूधसागरच्या फेसाला कोण मोजतं? पण आंदोलनाचा, श्रद्धांजलीचा फोटो हा कागदपत्र असतो. मतदारयादीत एक नाव दोनदा आलं तर सगळ्या यादीवर हरकत येते. आणि एक नाव गळलं तर त्या माणसापुरता सगळा कारभारच खोटा ठरतो. आमच्या चित्रात या दोन्ही चुका एका बटणाने झाल्या होत्या. दोनदा दिसलेले भावोजी पाहून उद्या कुणीही म्हणेल, "गर्दी बनावट आहे." मग बाकीच्या सगळ्या खऱ्या माणसांनी साक्ष कुठे द्यायची? आणि त्या म्हातारीने?

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की असे फोटो जोडणाऱ्याने हाताने तपासल्याशिवाय बाहेर देऊ नयेत. मूळ सुटे फोटो जपून ठेवावेत. मोबाईल फिरवून घेतलेल्या पॅनोरामात ते बहुधा मागे उरतच नाहीत, म्हणून अशा प्रसंगी सुटेच काढावेत. आणि चित्राखाली लिहावं, 'सात फोटो जोडून केलेले'. सत्यप्रतीवर शिक्का मारताना आम्ही मूळ कागद मागतो, त्यातलाच हा प्रकार.

एक गोष्ट जाता जाता. दोन फोटो जोडायचे तर मध्ये रेघ असून भागत नाही, दोघांचा सामाईक असा पट्टा लागतो. तो नसेल तर जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर ते जोडू शकत नाही. १९५६ मध्ये नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी हिंडलग्यासारख्या गावांत येऊन हा पट्टा पाहिला असता तर...

असो. फोटो बहिणीच्या घरी लावला आहे. भावोजी त्यात एकदाच आहेत आणि त्याबद्दल त्यांची थोडी नाराजीही आहे!