कुस्ती लुटुपुटुची, शोषण मात्र खरे!

मागच्या पंधरवड्यात एका संध्याकाळी आमच्या कार्यालयात दोन तरुण आले. एक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, दुसरा मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचविणारा. जयभीम झाला, चहा सांगितला, आणि आम्ही फाईल उघडतो न उघडतो तोच दोघांची जुंपली. विषय काय, तर अमेरिकेतला एक म्हातारा निवृत्त पैलवान मोबाईलच्या पडद्यावर सांगत होता की मालकाने आपले पैसे बुडविले. एक म्हणे, म्हातारा फेकतो आहे. दुसरा म्हणे, याच प्रसंगाबद्दल आणखी दोघांनी वेगवेगळ्या मुलाखतीत हेच सांगितले आहे, मग तिघेही फेकतात काय? शेवटी दोघे आमच्याकडे वळले, "वकीलसाहेब, तुम्हीच सांगा, साक्ष कुणाची खरी धरायची?"

आम्हाला आधी हसू आले. नव्वदच्या दशकात वस्तीत केबल आली तेव्हा ज्याच्या घरी रंगीत टीव्ही त्याच्या दारात गर्दी करून हीच कुस्ती पाहणारी आमची पिढी. उंची, वजन, छाती, दंड छापलेली पैलवानांची पत्ती शाळेच्या दप्तरात असत आणि त्या पत्त्यांवरून मारामाऱ्या होत. पुढे कळले की निकाल आधीच ठरलेला असतो. मग आम्ही तो विषय सोडून दिला, जसा बहुतेक शहाणी माणसे सोडतात. आमचे चुकले ते इथेच. निकाल ठरलेला असतो, पण माणूस पडतो तो खराच पडतो. त्याला मिळणारा किंवा न मिळणारा पैसाही खराच असतो.

या धंद्यात 'केफेब' नावाची एक अलिखित शिस्त होती. जे रिंगणात दाखविले जाते ते खरेच आहे असे जगापुढे वागायचे आणि आतली गोष्ट बाहेर फोडायची नाही. खलनायक आणि नायक एका मोटारीतून प्रवास करताना दिसले तरी ते पाप. ही शिस्त कुस्तीची गुपिते राखण्यासाठी होती असे सांगितले जाते. पण आम्हाला वकील म्हणून दिसते ते असे की, तिच्याआड हिशेबही झाकला जात होता. जो बोलू शकत नाही तो तक्रारही करू शकत नाही. नव्वदच्या दशकात निवृत्त पैलवानांना कॅमेऱ्यासमोर तासन् तास बसवून व्हिडिओ कॅसेट विकणारे लोक निघाले. मग डीव्हीडी आल्या, २०१० नंतर ध्वनिमुद्रित कार्यक्रमांचा पूर आला. यांना 'शूट' मुलाखती म्हणतात, म्हणजे बनावट नसलेल्या. जगभरचे रसिक त्या ऐकतात आणि त्यावर तावातावाने चर्चा करतात. आमच्या दोन तरुणांसारखीच.

आता मालकाची भाषा पाहा. १९८९ साली तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीच्या वतीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगण्यात आले की ही स्पर्धा नव्हे, केवळ करमणूक आहे. जे गुपित फोडणाऱ्या पैलवानाला धंद्यातून उठविले जाई, ते मालकाने स्वतःच फोडले! कशासाठी? तर क्रीडा आयोगाचे परवाने, पैलवानांची वैद्यकीय तपासणी आणि कर यांतून सुटका मिळावी म्हणून. बरे, करमणूक तर करमणूक. मग नटांना असते तशी संघटना? तीही नाही. मग पैलवान कंपनीचा नोकर? तेही नाही. तो म्हणे 'स्वतंत्र कंत्राटदार'! त्याचे नाव कंपनीने ठेवायचे, वेश कंपनीने ठरवायचा, कोणाशी लढायचे आणि केव्हा हरायचे हे कंपनीने सांगायचे, दुसरीकडे काम करायला बंदी कंपनीने घालायची आणि तरी तो स्वतंत्र! मात्र मोटारीचे भाडे, मुक्कामाचा खर्च आणि आरोग्य विमा हे त्याचे त्याने पाहायचे. २००८ मध्ये तीन माजी पैलवानांनी कनेक्टिकट राज्यात या शिक्क्याविरुद्ध दावा लावला. २००९ मध्ये तो सुरुवातीच्याच पायरीवर निकालात निघाला.

संघटना करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. जेसी व्हेंचुरा या पैलवानाने १९८६ साली, दुसऱ्या रेसलमेनियाच्या तोंडावर, कपडे बदलण्याच्या खोलीत सहकाऱ्यांना गोळा करून युनियनची गोष्ट काढली. ती मालकापर्यंत पोहोचली आणि विषय तेथेच मेला. चुगली कुणी केली हे व्हेंचुराला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या मानधनासाठी त्याने कंपनीवर खटला भरला, त्यात मालक व्हिन्स मॅकमहोन यांची शपथेवर जबानी झाली आणि तेव्हा नाव बाहेर आले, हल्क होगन. त्या काळचा सर्वांत मोठा तारा आणि व्हेंचुराचा मित्र. ही हकीकत व्हेंचुराने मुलाखतीतून वारंवार सांगितली आहे. खटलाही तो जिंकला. आठ लाख डॉलरहून अधिक रक्कम त्याला मंजूर झाली आणि १९९५ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. हाच माणूस पुढे १९९९ ते २००३ मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर होता.

रसिक मंडळी या प्रसंगावर बोलतात तेव्हा सारा वेळ होगन गद्दार होता की नव्हता यातच जातो. होगन २०२५ च्या जुलैमध्ये वारला, त्यानंतर तर ही चर्चा पुन्हा पेटली. गद्दार हा शब्द आमच्या चळवळीच्या कानालाही फार गोड लागतो, हे आम्ही कबूल करतो. पण आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या व्यवस्थेत प्रत्येकाचा मोबदला मालकाच्या मर्जीवर आहे, तेथे सर्वांत जास्त मिळविणारा माणूस युनियनमध्ये कशाला येईल? मालकाला फोडाफोडी करावीच लागत नाही, दरातला फरक ते काम करतो. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात बाबासाहेबांनी मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरविले, तेव्हा गिरणीच्या वेगवेगळ्या खात्यांतल्या कामगारांना एका मागणीवर आणणे किती अवघड होते, हे त्या काळचा इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

आमचा खरा जीव गुंतला तो दोन काळ्या पैलवानांच्या गोष्टीत.

पहिला जेम्स हॅरिस. मिसिसिपी राज्यातला, ट्रक चालविलेला, शेतात फळे तोडलेला माणूस. बोबो ब्राझील या जुन्या काळ्या मल्लाच्या हाताखाली तो शिकला. १९८२ मध्ये मेम्फिसच्या आयोजकांनी त्याला 'कमाला' केले. तोंडाला आणि अंगाला रंग, कमरेला वस्त्र, अनवाणी पाय, हातात भाला. सांगितले असे की हा युगांडाचा नरभक्षक, इदी अमीनचा एकेकाळचा अंगरक्षक. त्याने बोलायचे नाही, फक्त गुरगुरायचे. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा त्याला पडद्यावर भाषाच नाही! २९ ऑगस्ट १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर सुमारे ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर तो अंडरटेकरशी लढला. निवृत्तीनंतर मुलाखतीत हा मुका 'रानटी' माणूस शांत, दाक्षिणात्य हेल असलेल्या आवाजात सांगतो की, त्या रात्री त्याला मिळालेली रक्कम आणि समोरच्या गोऱ्या मल्लाला मिळालेली रक्कम यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. आकडे त्याच्या तोंडचे आहेत आणि रसिकांत त्यावर वाद आहे. अंडरटेकर मोठा तारा, त्याला जास्त मिळणारच, असे पुष्कळांचे म्हणणे. मिळो बापडे! पण आपल्या घामाचा दर आधी कागदावर असावा एवढे तरी हॅरिसला मागता येत होते काय? किमान रकमेची मोठी हमी देणारे करार त्या कंपनीत नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतरच रुजले. तोवर कार्यक्रम झाल्यावर मालक देईल तो चेक.

दुसरा माइक जोन्स. १९८७ मध्ये 'मिलियन डॉलर मॅन' टेड डीबियासी या श्रीमंताच्या पात्राबरोबर त्याला नोकर म्हणून उभे केले. गोरा धनी चकचकीत सुटात, काळा नोकर मागे उभा. नाव ठेवले 'व्हर्जिल'. प्रतिस्पर्धी कंपनीतल्या डस्टी ऱ्होड्स या मल्लाचे खरे नाव व्हर्जिल, त्याला टोमणा म्हणून हे नाव दिले असे या विषयातले जाणकार सांगतात. म्हणजे एका माणसाचे नाव दुसऱ्याची टिंगल करण्यासाठी! नाव ठेवण्यातली ही मस्ती काय असते ते आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. जानेवारी १९९१ मध्ये, रॉयल रंबलच्या रात्री, धन्याने त्याला पट्टा कमरेला बांधायला फर्माविले. त्याने तो खाली टाकला. धन्याने पुन्हा दरडाविले, तेव्हा व्हर्जिलने तोच पट्टा उचलून धन्याच्या तोंडावर हाणला. प्रेक्षागृह अक्षरशः उठले. लुटुपुटुचे असेल, लेखकाने लिहून दिलेले असेल, पण आम्ही ते चित्रण पाहिले तेव्हा अंगावर काटा आला हे लपवीत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने धन्याला हरविले.

आणि नंतर? २०१० नंतरच्या दशकात त्याचे छायाचित्र जगभर फिरले. सह्यांच्या कार्यक्रमात टेबल मांडून बसलेला जोन्स, आणि समोर एकही माणूस नाही. रसिकांनी त्याला 'एकटा व्हर्जिल' म्हणून वर्षानुवर्षे हसून घेतले. मुलाखतीतल्या त्याच्या बढाया हाही विनोदाचा विषय झाला. बढाया तो मारीत असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो वारला तेव्हा त्याच रसिकांतल्या काहींनी हळहळ व्यक्त केली. ज्यांनी नोकराच्या बंडाला टाळ्या दिल्या त्यांनीच म्हाताऱ्या कामगाराच्या रिकाम्या टेबलाला हसावे, यावर अधिक काय लिहावे?

आता त्या तरुणांच्या प्रश्नाकडे येऊ. साक्ष कुणाची धरायची? सांगोवांगी पुरावा चालत नाही, ज्याने पाहिले त्यानेच सांगावे लागते, हा नियम १८७२ च्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. या मुलाखतीत निम्मे सांगोवांगीच. शिवाय साक्षीदाराला बोलण्याचे पैसे मिळतात, आणि कथा जितकी मसालेदार तितकी कॅसेट खपते. ज्याला कंपनीच्या सन्मानयादीत नाव हवे तो गोड बोलतो, ज्याची आशा संपली तो कडू. उलटतपासणी कुठेच नाही. ती करतात ते हे रसिक! कोणत्या तारखेला कोण कोणत्या गावी होता, पूर्वीच्या मुलाखतीत काय म्हणाला होता, हे त्यांना तोंडपाठ असते. एखाद्या मुरलेल्या फौजदारी वकिलाला लाजवील अशी विसंगती ते पकडतात. आम्हाला या पोरांचे कौतुक वाटते. फक्त त्यांची सगळी मेहनत कोण खोटारडा हे शोधण्यात जाते, फायदा कोणाचा झाला हे विचारायचे राहून जाते.

आणि बोलणे फुकट नसते. नोव्हेंबर २०१४ मध्ये सीएम पंक या नुकत्याच कंपनी सोडलेल्या पैलवानाने मित्र कोल्ट कबाना याच्या ध्वनिमुद्रित कार्यक्रमात सांगितले की, पाठीवर गाठ असतानाही कंपनीच्या डॉक्टरने नीट उपचार केले नाहीत. डॉक्टरने दोघांवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. जून २०१८ मध्ये शिकागोच्या ज्युरीने निकाल दोघा मित्रांच्या बाजूने दिला. पण वकिलांच्या खर्चावरून ते दोघे जिवलग मित्र एकमेकांविरुद्ध न्यायालयात गेले! जिंकलेल्या खटल्याने घर बसलेले आम्ही इथेही पुष्कळ पाहिले आहेत.

डोक्यावरच्या आघातांचे प्रकरण याहून गंभीर. २००७ मध्ये ख्रिस बेन्वा याने पत्नी आणि लहान मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या आघातांनी झालेली मोठी हानी आढळली. त्याने गुन्हा धुऊन निघत नाही, ती बाई आणि ते लेकरू परत येत नाही. पण प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. २०१६ मध्ये पन्नासहून अधिक माजी पैलवानांनी मिळून दावा केला. २०१८ मध्ये तो फेटाळला गेला, आणि त्याचे एक मोठे कारण मुदत. उशीर झाला! ज्यांचा आजार वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतो त्यांना मुदतीचा कायदा दाखवायचा. त्यांच्या वकिलावरही न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले, आणि दावा निष्काळजीपणे मांडला गेला असे आमचेही मत आहे. गरिबाची केस वाईट मांडणे हा गरिबावरचा दुसरा घाव असतो. एवढे मात्र नोंदविले पाहिजे की, माजी पैलवानांना व्यसनमुक्तीचा खर्च देण्याची सोय कंपनीने २००७ पासून केली आहे.

हे सगळे आम्ही त्या संध्याकाळी सांगितले तेव्हा परीक्षेवाला तरुण वहीत लिहून घेत होता आणि जेवण पोहोचविणारा गप्प होता. मग तो म्हणाला, "साहेब, मलापण कंपनी पार्टनरच म्हणते." पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, अपघात त्याचा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात गिग कामगार हा शब्द आला खरा, पण नोकर म्हणून नव्हे. आम्ही त्याला धांगध्रा केमिकल वर्क्सचा खटला सांगितला. कच्छच्या रणाकडेला मीठ पिकविणाऱ्या अगरियांना मालक कंत्राटदार म्हणत होता. कामावर ताबा कुणाचा हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच ठरविले, १९५७ च्या ए.आय.आर.मध्ये तो निकाल आहे. मुंबईत कचरा वाहणाऱ्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांनी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायमपणाचा हक्क मिळविला, तोही कचरा वाहतूक श्रमिक संघ नावाची संघटना पाठीशी होती म्हणून. ते कामगार बहुतांश कोणत्या समाजाचे हे येथे लिहिण्याची गरज नाही.

त्याने दोन्ही नावे मोबाईलमध्ये टिपून घेतली. जाताना त्याने आम्हाला जेम्स हॅरिसची एक मुलाखत पाठविली. मधुमेहाने २०११ आणि २०१२ मध्ये हॅरिसचे दोन्ही पाय काढावे लागले होते. पोटासाठी तो लाकडी खुर्च्या बनवून विकू लागला होता. ९ ऑगस्ट २०२० रोजी कोरोनाने त्याचा अंत झाला. मुलाखत आम्ही रात्री जेवणानंतर शेवटपर्यंत ऐकली.