बेंबीपर्यंतची शस्त्रक्रिया

आईच्या पोटात असताना बाळाच्या मूत्राशयापासून बेंबीपर्यंत एक नळी असते. तिला ‘युरॅकस’ म्हणतात. जन्माच्या सुमारास ती बंद होऊन दोरीसारखा पट्टा उरतो. बहुतेकांना तो आयुष्यभर जाणवतही नाही. क्वचित मात्र त्याच अवशेषात कर्करोग होतो. मूत्राशयाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

ही गाठ मूत्राशयाच्या वरच्या टोकाशी, बरेचदा भिंतीच्या बाहेरच्या बाजूने वाढते. त्यामुळे सुरुवातीला त्रास होत नाही. ती आत पोहोचली की लघवीतून रक्त जाते, कधी चिकट स्राव जातो. दुखत नाही म्हणून ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणत रुग्ण थांबतो आणि निदान लांबते.

खरा कस लागतो तो पहिल्या शस्त्रक्रियेत. मूत्राशयातील नेहमीची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढता येते. खोलवर रुजली असेल, तर बहुधा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. येथे नुसते खरवडणे अपुरे ठरते आणि सगळे मूत्राशय काढण्याची गरजही सहसा नसते. मूत्राशयाचा वरचा भाग, युरॅकसचा पट्टा आणि बेंबी हे सारे एकसंध काढतात. जवळच्या लसिका ग्रंथीही अनेकदा काढून तपासतात. उरलेले मूत्राशय शिवले, की रुग्ण पूर्वीसारखी लघवी करू शकतो. पट्टा किंवा बेंबी मागे राहिली, तर रोग उलटण्याचा धोका वाढतो.

म्हणूनच घाई नको, पण दिरंगाईही नको. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या कर्करोगासारखा दिसू शकतो; त्यामुळे मूळ रोग आतड्यात नाही ना, हे आधी पाहावे लागते. रोग पसरल्यास दिली जाणारी औषधेही बरेचदा आतड्याच्या कर्करोगाच्या उपचारांतून घेतलेली असतात. रुग्ण इतके थोडे, की मोठ्या चाचण्या करणेच अवघड.

अशा आजारात एकट्या डॉक्टरवर भार टाकणे योग्य नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी निदान झाले, तरी शस्त्रक्रियेपूर्वी अनुभवी कर्करोग केंद्राचे मत घेण्याची सोय हवी. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडसारख्या जाळ्याचा उपयोग येथेच व्हायला हवा. आणि रुग्णाने? लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी तपासणी करून घ्यावी.