दोनदा जळालेला पूल

ऑनसाइट पोस्टिंग न्यूयॉर्कला लागलं की ऑफिसात पार्टी ठरलेली. आयोवा राज्यातलं डे मॉइन लागलं तर? मित्र हमखास विचारणार, ‘तिथे बघायला काय आहे रे? मका?’

मका आहेच! पण डे मॉइनपासून गाडीनं तासाभराच्या आत मॅडिसन काउंटी लागते. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. फक्त या जिल्ह्याची लोकसंख्या, २०२० च्या जनगणनेनुसार, साधारण साडेसोळा हजार. आपल्याकडे एखाद्या मोठ्या टाउनशिपमध्ये मावेल एवढी.

नाव ओळखीचं वाटतंय ना? बरोबर, ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’! रॉबर्ट जेम्स वॉलरची कादंबरी १९९२ ची. क्लिंट ईस्टवूड आणि मेरिल स्ट्रीपचा सिनेमा १९९५ चा. चार दिवसांचं प्रेम आणि जन्मभराची हुरहुर. त्यातली फ्रान्सिस्का ज्या पुलावर चिठ्ठी लावून येते, तो रोझमन पूल खराखुरा आहे, १८८३ चा.

हे पूल लाकडी. वर छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती. लांबून धान्याचं कोठारच वाटावं. बघताना रोमँटिक वाटतं खरं, पण छप्पर घातलं ते निव्वळ काटकसरीपोटी. पुलाच्या तळाची जाडजूड लाकडं महाग. ती पावसाबर्फात कुजण्यापेक्षा वरच्या स्वस्त फळ्या अधूनमधून बदललेल्या परवडल्या! नावांतही काव्य नाही. पुलाच्या सगळ्यात जवळ ज्याचं घर, त्याचं नाव पुलाला. एकेकाळी असे १९ पूल होते, आता ६ उरलेत. आइम्स सगळ्यात जुना, १८७० चा. हॉलिवेल सगळ्यात लांब, १२२ फूट.

माझा जीव मात्र सीडर पुलावर. तोही १८८३ चा. २००२ मध्ये कुणीतरी तो पेटवून दिला. लोकांनी जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधला, २००४ मध्ये खुला केला. २०१७ मध्ये पुन्हा आग, तीही लावलेलीच. आणि २०१९ मध्ये पूल परत उभा!

मग प्रश्न पडतो, हा पूल ‘ओरिजिनल’ म्हणायचा का? लाकूड तर सगळं नवं. कुणी म्हणेल, सेट उभारलाय पर्यटकांसाठी. मला नाही पटत. ज्याच्या फळ्या मुळात बदलण्यासाठीच लावल्या होत्या, त्याचं वय लाकडावरून कसं मोजणार? दुसऱ्या आगीनंतर काँक्रीटचा पूल टाकून मोकळं होता आलं असतं. ‘नाही, आमचा होता तसाच हवा’ हे इवल्याशा काउंटीनं दुसऱ्यांदा ठरवलं. माझ्या लेखी जुनेपण ते.

चिवटपणा इथल्या मातीतच असावा. याच काउंटीत पेरू नावाचं गाव आहे. तिथे जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत सफरचंदाचं एक रोप आपोआप उगवलं. ओळीत नव्हतं म्हणून त्यानं दोनदा छाटलं, दोन्ही वेळा ते परत फुटलं, अशी गोष्ट सांगतात. शेवटी त्यानं हात टेकले. त्या झाडाचं फळ मिसुरीतल्या स्टार्क नर्सरीनं घेतलं आणि नाव ठेवलं डेलिशस. होय, तेच रेड डेलिशस! १९१६ मध्ये सॅम्युअल स्टोक्स यांनी त्याची रोपं हिमाचलात आणून लावली. मंडईतल्या ‘डेलिशस’चं खानदान हे असं आयोवापर्यंत पोचतं.

जायचं असेल तर विंटरसेट हे मुख्य गाव धरा. मधोमध दगडी कोर्ट, भोवती दुकानांचा चौक. वेस्टर्न सिनेमांचा हीरो जॉन वेन १९०७ मध्ये जिथे जन्मला, ते छोटंसं घर जपलंय आणि शेजारी म्युझियम. गोधड्यांची आवड असलेल्या आईला बरोबर नेणार असाल तर क्विल्ट म्युझियमही आहे. ऑक्टोबरचा दुसरा वीकेंड साधला तर कव्हर्ड ब्रिज फेस्टिव्हल मिळेल, आणि पानांचे लाल-पिवळे रंग बोनस.

पुलांकडे जाणारे काही रस्ते खडीचे आहेत, गाडी हळू हाका. आणि सीडर पुलावर पोचलात की फोटोआधी एकदा लाकडावर हात ठेवा. नवं आहे म्हणूनच ठेवा.